द. ब. पारसनीस यांचे लेखन : सुरुवात कोठून करावी?

प्रश्न :
सातारचे इतिहास-संशोधक रावबहादूर दत्तात्रय बळवंत पारसनीस (१८७०–१९२६) यांचे लेखन क्रमाने वाचावे असे मनात आहे. झाशीच्या राणीचे चरित्र त्यांनी १८९४ साली, म्हणजे पंचविशीच्या आतच प्रसिद्ध केले. पुढे १९१६ मध्ये महाबळेश्वरावर आणि १९२१ मध्ये जुन्या पुण्यावर इंग्रजीत पुस्तके लिहिली. ही स्थळांवरची पुस्तके प्रवाशांपुरतीच आहेत, की इतिहास म्हणूनही त्यांचा आधार घेता येईल? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ :
आधार जरूर घ्यावा. जुन्या पुण्याचे पुस्तक आधी वाचा आणि ते सोबत घेऊनच शनिवारवाडा व पर्वती पाहा. आज वाड्यात जोती आणि कारंज्यांचे हौद तेवढे उरले आहेत; तेथे नांदता दरबार कसा असेल, हे पुस्तकामुळे डोळ्यांपुढे उभे राहते. जागा आणि कागद ही दोन्ही साधने जवळून पाहिलेला लेखक विरळा, म्हणून मला पारसनीस फार मोलाचे वाटतात.

प्रतिसाद २ :
वरील मताशी बव्हंशी सहमत आहे. मात्र इंग्रज अधिकारी व लेखक सी. ए. किंकेड यांच्यासह तीन खंडांत (१९१८, १९२२, १९२५) निघालेल्या मराठ्यांच्या इतिहासाला पारसनिसांचे स्वतःचे लेखन समजून चालू नये. त्यातील इंग्रजी निवेदन किंकेड यांचे असून पारसनिसांचा वाटा मुख्यतः साधने पुरविण्याचा आहे. त्यांची खरी कमाई पाहायची असेल, तर १९०८ साली सुरू झालेल्या ‘इतिहाससंग्रह’ मासिकाचे अंक चाळावेत. वाईजवळच्या मेणवलीचे नाना फडणिसांचे दप्तर त्यांनी मिळवले नसते, तर उत्तर पेशवाईविषयी आपण पुष्कळ अंधारात राहिलो असतो. त्यांचा साताऱ्याचा संग्रह १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आला.

प्रश्नकर्ता :
दोघांचेही मनःपूर्वक आभार. मेणवलीच्या घाटावर वसईहून आणलेली पोर्तुगीज घंटा मी पाहिली आहे. तिच्यावर कोरलेले १७०७ हे साल हाताने चाचपूनही पाहिले होते. परंतु नानांचे दप्तर त्याच गावचे, हे तेव्हा ध्यानात नव्हते. आता पुण्याच्या पुस्तकापासून सुरुवात करतो आणि मासिकाचे अंक शेजारी ठेवून एकेक विधान ताडून पाहतो.