हेनबरीचं थडगं: सन्मान की मालकीचा शिक्का?

रानवाट:
ब्रिस्टलमधल्या हेनबरीच्या सेंट मेरी चर्चच्या आवारात 'सिपिओ आफ्रिकॅनस'चं थडगं आहे. अर्ल ऑफ सफोक या इंग्रज सरदाराच्या घरचा हा आफ्रिकी नोकर २१ डिसेंबर १७२० ला वारला, वय १८. डोक्याशी एक दगड, पायाशी एक, दोन्ही रंगवलेले. लोक याला सन्मान म्हणतात, मला पटत नाही. थडग्यावरच्या ओळी त्याच्याच तोंडी घातल्यात: जन्मलो पेगन (म्हणजे ख्रिस्ती नसलेला) आणि गुलाम, आता ख्रिस्ती होऊन सुखानं निजलोय, माझा काळोख देव उजळेल. हे त्या पोराचे शब्द? आणि नाव कुणाचं, तर आफ्रिकेतल्या कार्थेजला हरवणाऱ्या रोमन सेनापतीचं! आईनं ठेवलेलं नाव दगडावर नाही. हे सांगणारा फलक शेजारी हवाच.

कातळशिल्प:
असहमत. इंग्लंडमध्ये आणलेल्या कितीतरी आफ्रिकनांच्या वाट्याला साधी खूणही आली नाही. इथे कुणीतरी पैसे मोजून दगड घडवले, म्हणून तर आज आपण त्याच्याबद्दल बोलतोय. दगडावरचे देवदूत नीट बघा, काळे आहेत. कविता म्हणते रंग उजळेल, पण रंगवणाऱ्यानं स्वर्गातही तो काळाच ठेवला. मला त्यात माया दिसते.

रानवाट:
देवदूतांचा मुद्दा मान्य, तसा विचार केला नव्हता. पण माया होती तर जिवंतपणी मोकळं का नाही केलं? दगडावर तरी तसा उल्लेख नाही.

देवगिरीकर:
नावावरून इतकं ठरवू नका. मलिक अंबरही इथिओपियातून विकला गेलेला, 'अंबर' हे नावही मालकानंच दिलेलं. १६२६ मध्ये गेला तेव्हा तो निजामशाहीचा कर्ताधर्ता होता. खुलताबादची त्याची कबर बघताना मालकाचं नाव कुणाला आठवतं?

रानवाट:
अंबरला पुढे आयुष्य मिळालं हो, दिलेलं नाव स्वतःचं करायला. याला १८ वर्षं.

कातळशिल्प:
एक राहिलं. जून २०२० मध्ये ब्रिस्टलकरांनी गुलामांचा व्यापारी कोल्स्टनचा पुतळा पाडला, आणि काही दिवसांतच कुणीतरी सिपिओचा दगड फोडला. जवळच खडूनं लिहिलं, कोल्स्टन परत उभा करा. फोडणाऱ्यांना तो दगड अर्लचा वाटला नाही, सिपिओचाच वाटला. फलक लावा, पण आवाराच्या दारापाशी. थडग्यापाशी त्याच्याशिवाय कुणीच बोलू नये.

रानवाट:
दारापाशी चालेल. पण त्यावर पहिली ओळ हीच हवी, की याचं खरं नाव आपल्याला माहीत नाही.