घरगुती भाजणी-मसाल्यांच्या विक्रीची नोंदणी : अर्ज त्रुटी दाखवून परत आला आहे, मदत हवी आहे (इंदूर)

नमस्कार.

इंदूरला रामबागेत आमचे जुने घर आहे. माझ्या सासूबाई गेली तीसएक वर्षे थालीपिठाची भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाला करून ओळखीच्या घरांत देत आल्या आहेत. सणावारी कोणी मागितल्या तर पुरणपोळ्याही करून देतात. आजवर हा सगळा व्यवहार एका वहीवर आणि विश्वासावर चालला. यंदा दोन किराणा दुकानदारांनी दिवाळीसाठी पाकिटे ठेवून घेण्याची तयारी दाखवली, पण पाकिटावर एफएसएसएआयचा (केंद्र सरकारच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) नंबर असल्याशिवाय माल घेणार नाही, असेही त्यांनी स्पष्ट सांगितले.

आधी मी एका सल्लागाराकडे गेले. त्यांनी साडेतीन हजार रुपये सांगितले. घरी येऊन पाहिले तर लहान व्यवसायाच्या नोंदणीचे सरकारी शुल्क वर्षाला १०० रुपये निघाले, तेव्हा ‘फॉस्कॉस’ या त्यांच्या संकेतस्थळावर मी स्वतःच अर्ज भरला. आठवड्याभरात तो परत आला, आणि शेरा एवढाच : ‘व्यवसाय का प्रकार स्पष्ट करें, परिसर का प्रमाण संलग्न करें।’

माझ्या अडचणी अशा आहेत. भाजणी व मसाले हे पाकिटबंद कोरडे पदार्थ आहेत आणि पुरणपोळी मागणीप्रमाणे ताजी करून दिली जाते, तर या दोन्हींसाठी वेगवेगळे अर्ज करावे लागतील का? अर्ज मी सासूबाईंच्या नावाने केला आहे, कारण हात त्यांचा आहे. परंतु विजेचे बिल अजून दिवंगत सासऱ्यांच्या नावावर येते आणि सासूबाईंच्या आधार कार्डावर देवासचा जुना पत्ता आहे. शिवाय आमच्याकडे नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येते आणि उरलेल्या वेळी बोअरिंगचे वापरतो, त्यामुळे पाण्याचा तपासणी अहवाल जोडावाच लागेल, असे एका शेजाऱ्यांचे म्हणणे आहे. हे खरे आहे का?

प्रतिसाद

ताई, शेरा तुटक असला तरी अर्ज फेटाळलेला नाही. त्याच अर्जात दुरुस्ती करून तो मुदतीत पुन्हा पाठवायचा असतो. नवा अर्ज करून पुन्हा शुल्क भरू नका.

वार्षिक उलाढाल आणि उत्पादनक्षमता लहान व्यवसायासाठी ठरवलेल्या मर्यादेत असेल तर आपल्याला परवाना नव्हे, केवळ नोंदणी लागते. भाजणी, मेतकूट व मसाला हे उत्पादनात मोडतात आणि घरून ताजे करून दिलेले पदार्थ खाद्यसेवेत. परंतु जागा एकच असल्यामुळे एकाच अर्जात दोन्ही प्रकार निवडता येतात. उलाढाल मात्र दोन्हींची मिळून धरली जाते. आपण बहुधा एकच प्रकार निवडून पदार्थांच्या यादीत पुरणपोळीही लिहिली असावी, आणि तिथेच गफलत झाली असावी.

नावाच्या बाबतीत माझे स्पष्ट मत असे की नोंदणी आपल्या नावाने घ्यावी. नोंदणी एकाकडून दुसऱ्याकडे सहज देता येत नाही; नोंदणीधारकाचे निधन झाल्यास वारसांना ती सर्वसाधारणपणे ९० दिवसच वापरता येते आणि तेवढ्यात आपल्या नावावर करून घेण्याचा अर्ज केला नाही तर सगळे पुन्हा करावे लागते. हे लिहिणे कटू वाटते, पण आमच्या घरी आजेसासूबाईंच्या लोणच्यांच्या बाबतीत ही वेळ आली होती आणि छापून आणलेली सातशे लेबले रद्दीत गेली. हात सासूबाईंचा राहू द्यावा, कागद आपल्या नावाचा असावा. नाव बदलण्याआधी मात्र जिल्ह्याच्या खाद्य सुरक्षा कार्यालयात जाऊन आहे त्याच अर्जात ते बदलता येईल का, हे विचारून घ्या.

आपल्या आधार कार्डावर रामबागेचाच पत्ता असेल तर जागेच्या पुराव्याचा प्रश्नही बहुतांशी मिटेल, कारण वेगळा पुरावा प्रामुख्याने ओळखपत्रावरचा पत्ता आणि व्यवसायाचा पत्ता निराळे असतील तेव्हा मागतात. पाण्याचा अहवाल उत्पादनाच्या परवान्यासाठी मागतात, नोंदणीसाठी नाही. तरीही बोअरिंगचे पाणी वापरत असल्यास ते एकदा तपासून घ्यावे, असे मी म्हणेन, कारण पुरणपोळीची कणीक त्याच पाण्यात भिजते.

पाहणी होईलच असे नाही. झाली तर अधिकारी खिडकीची जाळी, झाकणाचे डबे आणि कचऱ्याची बादली पाहतात. घरघंटी असेल तर तिच्या तळाशी साचलेले जुने पीठ काढून ठेवा. पोरकिडे तिथूनच सुरू होतात आणि ते कोणाच्याही लक्षात येत नाही.

प्रतिसाद

वरील माहितीला लेबलापुरती पुरवणी. नंबर चौदा आकडी असतो. तो हाती येईपर्यंत लेबले छापू नका. नंबराखेरीज घटकांची यादी, निव्वळ वजन, बॅच क्रमांक, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावे ती तारीख, कमाल किंमत, पूर्ण पत्ता आणि हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका हे सर्व लागते. भाजणीत गहू असल्यामुळे ग्लुटेनची सूचना द्यावी लागेल, हे आपल्या लक्षात असेलच. गोडा मसाल्यात मात्र गहू नसतो असे सगळे धरून चालतात आणि त्यातल्या हिंगाकडे दुर्लक्ष होते. बाजारातल्या बांधानी हिंगात पुष्कळदा मैदा असतो, म्हणून हिंगाच्या डबीवरील घटक वाचून मगच मसाल्याचे लेबल करावे.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. काल कार्यालयात जाऊन आले. अर्ज सासूबाईंच्या आधार क्रमांकावर नोंदला गेल्यामुळे नाव बदलण्यापेक्षा माझ्या नावाने नवा अर्ज करणे सोपे पडेल, असे तिथे सांगितले, तेव्हा शंभर रुपये गेले असे समजून आज रात्री नवा अर्ज भरते आहे आणि त्यात दोन्ही प्रकार निवडले आहेत. सासूबाईंना हे सांगताना मी जरा चाचरत होते. त्यांनी भाजणीचे धान्य निवडता निवडता एवढेच विचारले की, लेबलावर ‘रामबाग’ लिहिणार आहेस ना?

हिंगाची डबी पाहिली. घटकांत मैदा आहे.

आता एकच प्रश्न उरला आहे. एका पाकिटात २०० ग्रॅम भाजणी घातली तर लेबलाला जागा फार थोडी उरते आणि एवढी सगळी माहिती वाचता येईल अशा अक्षरांत बसत नाही. कोणी पाकिटाच्या दोन्ही बाजूंना लेबले लावली असतील, तर कोणता मजकूर पुढे आणि कोणता मागे घेतला, हे कृपया सांगावे.