मदत हवी आहे: द्राक्षबागेत कामाला येणाऱ्या पालकांना ‘मॅकफार्लंड, यूएसए’ हा सिनेमा कसा दाखवावा?

नमस्कार मंडळी,

मी दिंडोरी तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत खेळ शिकवते, राहते नाशिकला म्हसरूळमध्ये. शाळेतल्या काही मुली लांब पल्ल्याचं धावतात, आणि फार चांगलं धावतात. बहुतेकींची मूळ घरं पेठ-सुरगाण्याकडची. आईवडील टोळीबरोबर द्राक्षबागांच्या कामाला इकडे येतात. ऑक्टोबरची छाटणी झाली की त्यांना उसंत नसते. आधी फेलफुटी (घड नसलेल्या फुटी) काढायच्या, मग डिपिंग (घड औषधाच्या पाण्यात बुडवणं), मग मण्यांची विरळणी. काम उक्तं, एकरावर ठरलेलं. घरातले जितके हात जास्त, तितका एकर लवकर उरकतो. आणि नेमकं याच दिवसांत आमचं मैदान ओस पडतं.

मुलींना यायचं असतं. एक जण विरळणीचं काम उरकून अंधार पडता पडता येते. कात्रीने तिच्या अंगठ्याच्या बुडाशी घट्टा पडलाय, तो दुखतो म्हणून बुटाची लेस डाव्या हाताने ओढून बांधते आणि मग धावायला लागते. तिच्याबरोबरच्या दोघी मात्र गेल्या हंगामात सुटल्या त्या सुटल्याच.

पालकांशी मी बोलत असतेच. कविता राऊतचं उदाहरण देते. हरसूलजवळचं सावरपाडा त्यांच्या ओळखीचं, पायाखालचं. 2010 साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरला कांस्य, त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य, 2016 ला रिओत ऑलिंपिकची मॅरेथॉन, हे सगळं मुलींना तोंडपाठ आहे. दत्तू भोकनळचंही सांगते. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा, विहिरी खोदण्याच्या कामातून सैन्यात गेला, रिओत नौकानयनात तेरावा आला आणि 2018 च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नावेत सुवर्ण घेऊन आला. यावर एका वडिलांनी मला शांतपणे विचारलं, “मॅडम, कविता एकच झाली. तिच्यासंगं पळणाऱ्या बाकीच्या पोरींचं काय झालं, ते सांगा ना.”

हा प्रश्न मला फार रास्त वाटला. त्याला उत्तर देणारा सिनेमा शोधता शोधता मी ‘मॅकफार्लंड, यूएसए’पाशी पोचले. 2015 चा, डिस्नेचा, निकी कारो दिग्दर्शिका, केविन कॉस्टनर प्रशिक्षकाच्या भूमिकेत. गोष्ट खरी आहे. कॅलिफोर्नियातलं मॅकफार्लंड हे शेतमजुरांचं गाव, बहुतेक कुटुंबं मेक्सिकोतून आलेली. मुलं पहाटे शेतात, मग शाळेत, मग पुन्हा शेतात. जिम व्हाइट नावाचे शिक्षक त्यातल्या सात जणांना घेऊन क्रॉसकंट्रीचा (म्हणजे मैदानाबाहेर, माळरानावरून लांब धावण्याच्या शर्यतीचा) संघ बांधतात आणि 1987 साली ती मुलं राज्य अजिंक्यपद जिंकतात. चढाच्या सरावाला टेकडी नाही, म्हणून ताडपत्रीने झाकलेल्या बदामाच्या ढिगांवर चढ-उतार करवतात. (आमच्या पोरींना चढ कमी नाहीत, रामशेज समोर उभा आहे.)

मला त्यातली दोन माणसं सोडवत नाहीत. एक संघातल्या तिघा डियाझ भावांचे वडील. त्यांना पोरांचं पळणं नको असतं, कारण शेतातली तीन माणसं कमी होणार. सिनेमा त्यांना खलनायक करत नाही. उलट प्रशिक्षकच त्या घरच्यांबरोबर शेतात जाऊन कोबी काढतो, कंबर धरते त्याची, आणि मग सरावाची वेळ कामाच्या वेळेभोवती बसवतो. दुसरा डॅनी, संघातला सातवा. जाडसर, सगळ्यात मागे राहणारा. क्रॉसकंट्रीत सात जण धावतात, त्यातल्या पहिल्या पाचांचे क्रमांक मिळवायचे, ज्याची बेरीज कमी तो संघ जिंकतो. शेवटच्या शर्यतीत पुढचा एक गडी ढेपाळतो आणि बेरजेत डॅनी येतो. म्हणजे एकच मुलगी तारा झाली नाही तरी चालतं, सातवीलाही काम आहे. आणि शेवटी खरे धावपटू पडद्यावर येतात, कोण काय झालं ते कळतं. बरेच जण शिकले, काही परत येऊन त्याच गावात शिक्षक झाले. त्या वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे.

आता अडचण. संवाद इंग्रजीत, मधूनमधून स्पॅनिश. पालक घरात कोकणा बोली बोलतात, मराठी समजते, पण पडद्यावरची अक्षरं वाचत बसणं बऱ्याच जणांना जमणार नाही. सिनेमा सव्वादोन तासांच्या आतबाहेर, आणि दिवसभर बागेत उभं राहिलेल्या माणसाला रात्री एवढा वेळ बसवायचं म्हणजे मलाच जिवावर येतं. तर असा परभाषेतला सिनेमा खेड्यात कुणी दाखवलाय का? थांबवून थांबवून सांगावा की आधी गोष्ट सांगून निवडक भाग दाखवावेत? शाळेत दाखवायला परवानगी लागते का? आणि याच जातकुळीतला, पण मराठी किंवा हिंदी सिनेमा तुम्हाला माहीत असेल तर तोही सांगा.

प्रतिसाद – गोदाकाठ

ताई, धागा आवडला. भाषेची अडचण नको असेल तर ‘झुंड’ बघा. नागराज मंजुळेंचा, 2022 चा, नागपूरच्या विजय बारसे सरांच्या झोपडपट्टी फुटबॉलवर. त्यात संघ आहे, पासपोर्टसाठी कागदपत्रं गोळा करताना होणारी वणवण आहे. ‘चंदू चॅम्पियन’ही आहे, सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकरांवर. युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलं आणि 1972 ला हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये 50 मीटर पोहण्यात सुवर्ण. ‘दंगल’ तर सगळ्यांनी पाहिलेलाच असतो.

धागाकर्ती

गोदाकाठ, आभार. ‘दंगल’ मुलींनी पाहिलाय आणि मी मुद्दाम टाळते. तिथे मुलींनी कुस्ती खेळायचं हे बापाच्या मनात आधीच असतं, माझ्याकडे बापालाच पटवायचंय. पेटकरांची गोष्ट थोर आहे, मुलींना नक्की दाखवीन, पण ती पुन्हा एकट्या माणसाची आहे. ‘झुंड’ मात्र लक्षात ठेवते. लांबी तीन तासांची आहे, तेवढीच काळजी.

प्रतिसाद – जुनी धावपट्टी

मी शाळेतून निवृत्त झालोय, खेळाचाच शिक्षक होतो. दोन गोष्टी सांगतो.

परवानगीचं आधी. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात, कलम 52 मध्ये, शाळेच्या उपक्रमाचा भाग म्हणून चित्रपट दाखवायची सूट आहे. अट अशी की प्रेक्षक शाळेतले शिक्षक-कर्मचारी, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि शाळेच्या कामाशी थेट संबंधित माणसं एवढेच हवेत. पालक त्यात येतात, हे तुमच्या दृष्टीने महत्त्वाचं. म्हणून बागायतदाराच्या शेडमध्ये अख्ख्या वस्तीला दाखवू नका, शाळेची रीतसर पालकसभा लावा आणि तिच्या इतिवृत्तात नोंद करा. ॲपवरून दाखवणार असाल तर त्या ॲपच्या अटी वेगळ्या असतात, त्या वाचून घ्या. शक्यतो विकतची डिस्क मिळवा.

दुसरी गोष्ट जास्त मनावर घ्या. सिनेमात व्हाइट सर 1987 ला गावात येतात आणि त्याच वर्षी जिंकतात. प्रत्यक्षात ते 1964 पासून मॅकफार्लंडमध्ये शिकवत होते आणि क्रॉसकंट्रीचा संघ 1980 पासून त्यांच्याकडे होता. कॅलिफोर्नियाची राज्यस्तरीय क्रॉसकंट्री स्पर्धाच मुळी 1987 ला पहिल्यांदा भरली, तेव्हा ते जिंकले. पुढे त्यांच्या कारकिर्दीत अशी नऊ अजिंक्यपदं झाली. पालकांना सिनेमाचा हिशोब दाखवलात तर ते एका हंगामात पदक मागतील, आणि नाही मिळालं की पोरगी परत बागेत. खरा हिशोब सांगा. मास्तर तिथे वर्षानुवर्षं होता, थोरल्याच्या मागून धाकटा भाऊ येत गेला. आपल्याकडच्या बापाला ही भाषा कळते. द्राक्षाची बाग लावल्या वर्षी कोण घड मागतो?

प्रतिसाद – कादवा

एक भर घालते. मॅकफार्लंडच्या शेजारचं गाव डिलानो. 1965 साली द्राक्षमजुरांचा मोठा संप तिथेच झाला. फिलिपिनो मजूर आधी उतरले, मग सेझार चावेझ यांची मेक्सिकन मजुरांची संघटना आली, आणि 1970 पर्यंत लढून त्यांनी बागायतदारांकडून करार मिळवले. म्हणजे सिनेमातल्या मुलांचे आईबाप अगदी तुमच्या पालकांसारखेच, द्राक्षाच्या मुलखातले. सुरुवात इथून केलीत तर परदेशातली गोष्ट म्हणून कुणी दूर बसणार नाही.

सांगण्याच्या पद्धतीबद्दल: आमच्या वाचनालयात आम्ही इराणी सिनेमे मुलांना असेच दाखवतो. आवाज पूर्ण बंद करू नका, पात्रांच्या आवाजातला राग, हसू ऐकू यायला हवं. प्रसंग सुरू होण्याआधी दोन वाक्यांत सांगायचं आणि मग गप्प बसायचं. शर्यत चालू असताना तर अजिबात बोलू नका, तिथे भाषा लागतच नाही.

धागाकर्ती

जुनी धावपट्टी सर, 1964 आणि 1980 ची गोष्ट मला नवी होती, आणि तिने माझा बेत बदलला. आता पालकसभेत पदकाबद्दल बोलायचंच नाही. एवढंच मागणार आहे, की मुलगी दहावी होईपर्यंत आठवड्यातले ठरावीक दिवस तिला मैदानावर येऊ द्या, आणि विरळणीच्या दिवसांत सराव कधी ठेवायचा ते तुम्ही सांगा. पहाटे म्हणालात तर पहाटे. धाकट्या बहिणींनाही त्याच वेळी बोलावणार आहे, मोठी धावेल तोवर त्या कडेला खेळतील.

कादवाताई, डिलानोचं वाचून अंगावर काटा आला. तिथूनच सुरुवात करते.

सिनेमाचे चार तुकडे काढायचं ठरवलंय: कोबीचं शेत, डियाझ कुटुंबाच्या घरातलं जेवण, बदामाचे ढीग आणि शेवटची शर्यत, खऱ्या माणसांच्या दृश्यांसकट. प्रशिक्षकाच्या मुलीच्या वाढदिवसाच्या रात्री होणाऱ्या हल्ल्याचा भाग लहान मुलं असतील म्हणून वगळते. मुलींना पूर्ण सिनेमा वेगळा दाखवीन, शनिवारी सकाळच्या शाळेनंतर.

सभा छाटणी सुरू व्हायच्या आत घ्यायची आहे, टोळ्या नुकत्या उतरलेल्या असतात तेव्हा. त्यासाठी अजून दोन गोष्टी हव्यात. नाशिक किंवा दिंडोरीत कुणाकडे एका संध्याकाळीपुरता प्रोजेक्टर मिळेल का? शाळेच्या प्रोजेक्टरचा दिवा गेलाय. आणि कोकणा बोली घरची असलेलं कुणी, शक्यतो बाई, प्रसंगांच्या आधीची ती दोन-दोन वाक्यं सांगायला येऊ शकेल का? माझी मराठी त्यांना समजते, पण डियाझ बापाचं बोलणं त्यांच्याच बोलीत यायला हवं. जाण्यायेण्याची आणि जेवणाची सोय मी करते. व्यक्तिगत निरोप पाठवा.