शब्दचर्चा : बॅटरीतले इलेक्ट्रोलाइट ‘अपघटनी’ कसे?

प्रश्न : घन लिथियम बॅटरीवरच्या मजकुरात ‘पॉलिमर इलेक्ट्रोलाइट’साठी, म्हणजे दोन इलेक्ट्रोडांमध्ये आयन वाहून नेणाऱ्या पॉलिमरसाठी, कोणता शब्द घ्यावा? शाळेच्या पुस्तकात ‘विद्युत अपघटनी’ आहे, विश्वकोशाच्या परिभाषेत ‘विद्युत् विच्छेद्य’. पॉलिमरला ‘बहुवारिक’ आहेच.

उत्तर : ‘बहुवारिक’ खुशाल वापरा. अडचण आहे ती ‘अपघटनी’ची. अपघटन म्हणजे पदार्थ मोडून त्याचे दुसरे पदार्थ होणे, आणि बॅटरीत नेमके तेच टाळायचे असते. फॅरडे यांनी १८३४मध्ये ‘इलेक्ट्रोलाइट’ हा मूळ शब्द रूढ केला तो ‘सुटणे’ या अर्थाच्या ग्रीक धातूवरून. पीईओ, म्हणजे पॉलिएथिलीन ऑक्साइड हे लांब साखळ्यांचे बहुवारिक, घ्या. त्यात लिथियमचे मीठ सुटते, साखळी शाबूत राहते. साखळीतले ऑक्सिजन लिथियम आयनाला धरतात, साखळी हलली की तो पुढच्या ऑक्सिजनकडे सरकतो. म्हणून ‘बहुवारिक आयनवाहक’ हा शब्द सुचवावासा वाटतो.

आक्षेप : ‘आयनवाहक’ अपुरा आहे. इलेक्ट्रोलाइटने इलेक्ट्रॉन अडवलेच पाहिजेत, नाहीतर सेल आतल्या आत उतरतो. शिवाय आयन कोणते? पीईओत विद्युतधारेतला लिथियमचा वाटा जेमतेम ०.२ असतो, बाकी धारा ऋण आयनांची. ते एका बाजूला साचतात, लिथियमचा थर सपाट न बसता त्याला काटे फुटतात आणि सेल शॉर्ट होतो. ऋण आयन साखळीलाच बांधून टाकले तर तो पदार्थ खरा ‘एकआयनी वाहक’. हा भेद शब्दात दिसायला हवा.

उत्तर : भेद मान्य. मग सामान्य नाव ‘इलेक्ट्रोलाइट’च ठेवावे, ‘एकआयनी वाहक’ त्या खास प्रकारासाठी. आता ‘घन’विषयी. पीईओ सुमारे ६५° सेल्सियसला वितळते. त्याखाली स्फटिक बनून आयनांची वाट अडते, म्हणून असे सेल ६०–८०° वर चालवतात आणि तेव्हा इलेक्ट्रोलाइटचा पापुद्रा मऊ, चिकट असतो. साखळ्या एकमेकींना जोडल्या (‘आडजोडणी’) तर तो गरम असतानाही आकार धरतो.

पापुद्रा करताना २० ऑक्सिजनमागे १ लिथियम धरा: १ ग्रॅम पीईओला ०.३२६ ग्रॅम लिथियम टीएफएसआय (हे लिथियमचे मीठ). पीईओ ५०°, मीठ १२०° वर निर्वातात सुकवून दोन्ही ॲसिटोनायट्राइल या द्रावकात विरघळवायचे आणि ओतायचे. द्रावक किंवा पाणी मागे राहिले तर वाहकता फसवी वाढते, पुढे तेच लिथियमशी अभिक्रिया करते. अशा पापुद्र्याला ‘घन’ म्हणणे चूक ठरेल.

पुरवणी : ‘अपघटन’ शब्द टाकून देऊ नका, त्याची खरी जागा वेगळी आहे. लिथियमच्या तुलनेत ४ व्होल्टच्या आसपास पीईओचे ऑक्सिडीभवन सुरू होते. ३.४ व्होल्टच्या लोह फॉस्फेट धन इलेक्ट्रोडबरोबर ते टिकते. निकेल-मँगेनीज-कोबाल्ट धन इलेक्ट्रोड ४.२ व्होल्टपर्यंत नेला की तिथे त्याचे अपघटनच होते. उपाय दोन थरांचा: लिथियमकडे पीईओ, धन इलेक्ट्रोडकडे जास्त व्होल्टेज सोसणारे बहुवारिक.

आणि लिथियमच्या ॲनोडला ‘धनाग्र’ लिहू नये. विद्युत अपघटनात ॲनोड धन असतो, बॅटरी वापरात असताना तो ऋण असतो. ‘ऋण इलेक्ट्रोड’ लिहिले की चार्जिंग असो वा वापर, अर्थ बदलत नाही.