लायसन्स दिले म्हणजे दूरसंचार बाजार खुला झाला का? (गोव्याच्या संदर्भात)

मांडवीकाठ

नमस्कार मंडळी. बारावीच्या अर्थशास्त्राच्या वर्गासाठी टिपण करायचे आहे, दोन प्रश्नांवर अडले आहे.

१९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने खासगी कंपन्यांना दार उघडले. पण सामान्य गिऱ्हाइकाला स्पर्धा जाणवली ती २००३ नंतर. मधली नऊ वर्षे कशात गेली? आणि दुसरा प्रश्न: गोव्याला स्वतःचे सर्कल (लायसन्ससाठी आखलेले सेवाक्षेत्र) नाही, आपण महाराष्ट्र सर्कलमध्ये मोडतो. त्यात आपला फायदा की तोटा?

जुवारी_पूल

पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो. १९९४ मध्ये दार उघडले खरे, पण दाराची किल्ली ज्याच्याकडे त्याचेच आत दुकान होते. दूरसंचार विभाग धोरण ठरवायचा, लायसन्स द्यायचा आणि फोनही स्वतःच चालवायचा. दूरसंचार नियामक संस्था ट्राय आली १९९७ मध्ये, म्हणजे लायसन्स वाटून झाल्यावर. तंट्यांसाठी वेगळे न्यायाधिकरण कायद्यात दुरुस्ती करून २००० मध्ये झाले आणि सरकारी फोन कंपनी बीएसएनएल विभागातून बाहेर पडली १ ऑक्टोबर २००० ला. हा क्रम उलटा हवा होता: आधी नियामक, मग सरकारी कंपनी वेगळी, मग लायसन्स.

दुसरी अडचण पैशाची. सर्कलची लायसन्से लिलावात गेली तेव्हा कंपन्यांनी दहा वर्षांची ठरावीक फी कबूल केली होती. उत्पन्न होवो न होवो, हप्ता ठरलेला. त्यात मोबाइलचा दर मिनिटाला १६ रुपये ८० पैशांपर्यंत, वर महिना १५६ रुपये भाडे, आणि आलेल्या कॉललाही पैसे. गिऱ्हाईक वाढेना, फी थकली. १९९९ च्या नव्या धोरणाने ठरावीक फी काढून उत्पन्नातला वाटा घ्यायला सुरुवात केली. त्याबदल्यात कंपन्यांना एका सर्कलमध्ये दोनच ऑपरेटर ही सवलत सोडावी लागली. विद्यार्थ्यांना हा सौदा नीट समजावा. स्पर्धा आली ती याच अटीतून.

आता सर्वांत महत्त्वाचे, जे पाठ्यपुस्तकांत सहसा एका ओळीत उरकतात: इंटरकनेक्शन, म्हणजे दोन कंपन्यांची जाळी एकमेकांना जोडणे. नव्या कंपनीच्या गिऱ्हाइकाला जुन्या कंपनीच्या गिऱ्हाइकाशी बोलता आले नाही तर तिचे सिम कोण घेईल? दोन जाळ्यांच्या जोडबिंदूवर ई-१ नावाच्या लाइनी घ्याव्या लागत. एका ई-१ मध्ये ३२ खाने. एक दोन्ही टोकांच्या वेळेचा मेळ राखायला, एक सिग्नलिंगला (कॉल जोडण्या-तोडण्याच्या सूचनांना), बोलायला ३०. जोडबिंदूवर गर्दीच्या तासात १००० पैकी ५ पेक्षा जास्त कॉल अडू नयेत हा ट्रायचा निकष. तो पाळायचा तर या ३० वाटांवर सुमारे १९ अर्लांग भार चालतो (एक अर्लांग म्हणजे एक वाट तासभर पूर्ण व्यापलेली). तीन मिनिटांचा सरासरी कॉल धरा, तासाला साधारण ३८० कॉल झाले. भार दुप्पट झाला आणि जुन्या कंपनीने जादा ई-१ दिली नाही, तर दर चार कॉलांत एक अडतो. आणि गिऱ्हाईक दोष देतो नव्या कंपनीलाच. लायसन्स हातात असूनही स्पर्धा मारता येते ती अशी. २०१६ मध्ये नेमका याच मुद्द्यावर ट्रायने तीन जुन्या कंपन्यांना सर्कलमागे ५० कोटी, एकूण ३०५० कोटी रुपये दंड करण्याची शिफारस केली होती.

जोडणीचा दर हाही धोरणाचाच भाग. १ मे २००३ पासून येणारा कॉल फुकट झाला, म्हणजे कॉल करणाऱ्याच्या कंपनीने कॉल उतरवणाऱ्या (ज्याला फोन आला त्याच्या) कंपनीला पैसे द्यायचे. हा दर २००४ मध्ये मिनिटाला ३० पैसे, २००९ मध्ये २०, २०१५ मध्ये १४, २०१७ मध्ये ६, आणि १ जानेवारी २०२१ पासून शून्य. यावर एवढी भांडणे का, ते पाहा. दोन्ही कंपन्यांचे गिऱ्हाइकाला लावलेले दर सारखे असले तर जाणारे-येणारे कॉल जवळपास फिटतात. पण नवी कंपनी कॉल स्वस्त ठेवते, तिचे लोक जास्त फोन करतात, त्यामुळे देणे तिच्याच अंगावर पडते. जोडणीचा दर चढा ठेवला की स्वस्त विकणाऱ्यालाच दंड!

सत्तरीचा_वारा

दुसऱ्या प्रश्नावर. दोन्ही आहे, पण तोटा लपलेला आहे.

फायदा म्हणजे सावंतवाडी, कोल्हापूर, पुणे आपल्याच सर्कलमध्ये. रोमिंगचा जमाना होता तेव्हा बांद्याला जाताना रोमिंग लागत नसे, कारवारला लागे.

तोटा लायसन्सच्या अटींत आहे. पहिल्या वर्षी १० टक्के आणि तीन वर्षांत ५० टक्के जिल्हा मुख्यालये व्यापायची, असा नियम होता. 'व्यापायची' म्हणजे मुख्यालयाच्या नगरपालिका हद्दीचा ९० टक्के भाग. महाराष्ट्राची एवढी मुख्यालये असताना पणजी आणि मडगाव न व्यापताही अट पुरी होत होती. वाळपई, सांगे, काणकोण तर हिशेबातच नाहीत. पणजी-कळंगुट पट्ट्यात पर्यटक असल्याने कंपन्या आपणहून आल्या. घाटाखालच्या गावांसाठी त्यांना कोणी बांधले नव्हते. माझ्या मते अट तालुकानिहाय हवी होती.

शिवाय फक्त गोव्याचे स्पेक्ट्रम (मोबाइलच्या लहरी वापरण्याचा हक्क) विकत मिळत नाही, अख्खे सर्कल घ्यावे लागते. छोट्या खेळाडूला मोबाइलमध्ये जागाच नाही. इंटरनेटमध्ये मात्र आहे. युनिफाइड लायसन्समध्ये (अनेक दूरसंचार सेवांसाठीचे एकत्रित लायसन्स) इंटरनेट सेवेच्या 'क' वर्गाची प्रवेश फी २०,००० रुपये आणि त्यात गोवा एवढेच क्षेत्र घेता येते. 'ब' वर्गाला २ लाख, पण पूर्ण सर्कल.

त्या छोट्या कंपनीची खरी कोंडी होते केबल टाकताना. फायबरची नळी १.६५ मीटर खोल जायला हवी. जांभ्या दगडात तेवढे खणणे महाग, म्हणून कमी खोलीवर लोखंडी पाइप किंवा काँक्रीटचे आवरण देतात. रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा, आतला पंचायतीचा, महामार्ग केंद्राचा, खांब वीज खात्याचे, आणि मोकळी जमीन कोमुनिदादची (गोव्यातली जुनी गावकरी संस्था) निघाली तर आणखी एक अर्ज. केबल टाकण्याच्या परवानगीच्या २०१६ च्या केंद्रीय नियमांत भूमिगत केबलसाठी प्रशासकीय शुल्क किलोमीटरला १००० रुपयांपेक्षा जास्त नको आणि ६० दिवसांत उत्तर आले नाही तर परवानगी मिळाली असे समजावे, अशी तरतूद होती. आता १ जानेवारी २०२५ पासून नवे नियम लागू आहेत. अर्ज दिवाळीच्या आधीच टाकावा. फेब्रुवारीत टाकला तर मंजुरी उन्हाळ्यात हाती येते आणि जूनचा पाऊस खणकाम थांबवतो.

पिंपळपार

एक भर: लँडलाइनचे नाव कोणी काढले नाही. अख्ख्या गोव्याला ०८३२; त्यापुढचा आकडा २ असेल तर बीएसएनएल, ६ असेल तर टाटा. नंबर पाहूनच कंपनी कळते, कारण कंपनी बदलताना नंबर सोबत नेण्याची सोय फक्त मोबाइलला आहे. पणजीतल्या दुकानदाराचा नंबर वीस वर्षे पाटीवर रंगवलेला असतो. तो सोडायचा म्हणजे गिऱ्हाईक सोडायचे, म्हणून वायरलाइनमध्ये स्पर्धा कागदावरच राहिली.

मांडवीकाठ

खूप आभार. मोबाइल नंबर पोर्ट करतानाही (तोच नंबर ठेवून कंपनी बदलताना) सर्कलचा फरक पडतो का?

जुवारी_पूल

पडतो. सावंतवाडीचा नंबर गोव्यात पोर्ट केला तर सर्कल तेच, तीन कामाचे दिवस. कारवार, बेळगाव किंवा मुंबईचा असेल तर पाच. मुंबई हे वेगळे सर्कल आहे, इथेच लोक फसतात. १९०० वर PORT आणि नंबर असा मेसेज पाठवा, येणारा कोड चार दिवस चालतो. सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले नसले, पोस्टपेडचे बिल थकलेले असले किंवा सिम बदलून सात दिवस झाले नसले तर कोडच येत नाही.