सिबिलवरचा 'सूट फाईल्ड' शेरा
निकालाची प्रत सिबिलला (लोकांच्या कर्जफेडीची नोंद ठेवणारी कंपनी) मेल केली की 'सूट फाईल्ड', म्हणजे बँकेने वसुलीसाठी दावा लावलाय, हा शेरा निघतो, असं काही जण सांगतात. ते पटत नाही. तो शेरा कोर्टाकडून नाही, कर्ज देणाऱ्या बँकेकडून जातो आणि बँकेने दुजोरा दिल्याशिवाय सिबिल स्वतःहून तो बदलत नाही. माझ्या भावाचं प्रकरण लोकअदालतीत मिटलं, पैसे भरले, तरी रिपोर्टात दावा चालूच! शेवटी त्याने निवाड्याची सहीशिक्क्याची नक्कल आणि नो ड्यूज सर्टिफिकेट (काही थकबाकी नाही असा बँकेचा दाखला) दुरुस्तीच्या अर्जासोबत शाखेत दिलं, आपल्या प्रतीवर पोच आणि तारीख घेतली. ती पोच जिवापाड जपा, पुढचं सगळं तिच्यावरच चालतं.

कारण उशीर झाला तर भरपाई मिळते, हा मुद्दा कुणी काढतच नाही. तक्रार दिल्यापासून ३० दिवसांत ती निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये मिळायला हवेत; रिझर्व्ह बँकेचा हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. दुरुस्ती कळवायला बँकेला त्यातले २१ दिवस. आणि सिबिलवर दुरुस्ती दिसली तरी एक्स्पीरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क या सिबिलसारख्याच कंपन्यांचेही रिपोर्ट काढून बघाच, वर्षातून एकदा ते फुकट मिळतात.