पोल्का पोलंडचा नाही, आणि पॅरिसला थांबलाही नाही
पोल्का म्हणजे पोलंडचा नाच, असा समज आहे. नावामुळे तसं वाटतं खरं, पण तो बोहेमियातला, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातला. १८३० च्या दशकात तो प्रागमध्ये रुजला आणि १८४४ च्या सुमारास पॅरिसला त्याचं अक्षरशः वेड लागलं. चेक भाषेत 'पोल्का' म्हणजे पोलिश बाई आणि 'पुल्का' म्हणजे अर्धा. नावाचा उगम दोन्हींकडे शोधला जातो. मला अर्ध्या पावलाचं कारण जास्त पटतं. दोन मात्रांच्या ठेक्यात तीन भरभर पावलं आणि एक छोटी उडी, हेच तर त्याचं रूप.

पण पोल्काची चर्चा बहुतेक पॅरिस-लंडनच्या नाचघरांवरच अडकते. जर्मन आणि चेक शेतकऱ्यांबरोबर पोल्का टेक्सासला गेला, तिथे मेक्सिकन वादकांनी अकॉर्डियनसकट तो आपलासा केला. ॲरिझोनाच्या वाळवंटातले तोहोनो ओओधाम हे मूळनिवासी लोक याच संगीताला 'वायला' म्हणतात, स्पॅनिश 'बाइले' म्हणजे नाच, त्यावरून. ॲरिझोनातल्या टुसॉन शहरात राहत असताना एका जत्रेत मी हा नाच पाहिला. अकॉर्डियन आणि सॅक्सोफोनवर पोल्काच चालू होता, गाणारं कुणी नाही, आणि ती उडी पार गायब! जोड्या पाय जमिनीलगत सरकवत, घड्याळाच्या उलट दिशेने संथ फिरत होत्या. साठीच्या पुढच्या एक बाई नातवाला घेऊन नाचत होत्या; मातीचं अंगण असूनही त्यांच्या पावलांनी धूळ उडत नव्हती.